पन्नाशीच्या आसपास तब्येतीचा दणका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नाशीच्या थोडं अलीकडे माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी असं काही सोसून घरी परतलं की मला फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. कुणाला खरोखरच झटका येऊन गेलेला असतो. कुणाच्या छातीत कळ आली, रात्रभर तपासण्या झाल्या आणि सकाळी घरी पाठवलं, असं झालेलं असतं. कुणाची गाठ साधी निघालेली असते, पण रिपोर्ट येईपर्यंत झोप उडालेली असते. मी डॉक्टर नाही. खाली दिलेली वैद्यकीय माहिती सर्वमान्य आहे, पण तुमच्या औषधांचा आणि उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. मला मुख्यतः एवढंच पटवायचं आहे: आता वाटतेय ती भीती लवकर ओसरणार आहे. ती ओसरायच्या आत काही गोष्टी मार्गी लावून घ्या.

काल-परवापर्यंत ठणठणीत होतो. मग हे अचानक कसं झालं?

कळ अचानक आली, दुखणं अचानक आलेलं नाही. कोरियातल्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं २२. धट्टीकट्टी पोरं होती ती. त्यांतल्या सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये चरबीचे थर बसायला सुरुवात झालेली दिसली. म्हणजे पन्नाशीत जे त्रास देतं, त्याची सुरुवात विशी-तिशीत झालेली असते.

हा थर वाढत वाढत एक दिवस नळी पूर्ण बंद करतो, असा अनेकांचा समज असतो. बऱ्याचदा तसं होत नाही. नळी अर्धीच अरुंद झालेली असते, रक्त पुरेसं जात असतं, त्यामुळे जिने चढतानाही काही जाणवत नाही. मग एखाद्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. म्हणूनच आदल्या आठवड्यात सहल करून आलेल्या माणसालाही झटका येतो. ट्रेडमिलवरची चाचणी चांगली आली होती, तरीही येऊ शकतो.

बीपी आणि शुगर यांचंही तसंच. दुखत नाहीत, खुपत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ असल्याची नोंद आहे. महायुद्ध चालू होतं, ते कामात होते आणि वयाच्या मानाने त्यांची प्रकृती उत्तम असल्याचं लोकांना सांगितलं जात होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, ६३ व्या वर्षी. त्या काळी बीपीवर नीट काम करणारी गोळीच नव्हती. पुढे तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातल्या ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा आणि हृदयविकाराचा संबंध आज आपण सहज बोलून जातो, तो असल्या अभ्यासांनी दाखवला. या लोकांची वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि पुढे आजारी पडलेले बरेच जण आधी आपण बरे आहोत असंच समजत होते. ‘मला काही त्रास नाही’ हे खरं असतं, पण तो तपासणीचा रिपोर्ट नव्हे.

छातीत दुखतंय ते ॲसिडिटीचं की हृदयाचं, हे घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या वर्णनावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर ते ईसीजी काढतात.

छातीच्या मधोमध दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते दुखणं डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात, पाठीत पसरणं, दरदरून घाम सुटणं, धाप लागणं, मळमळणं, यांतलं एखादंही लक्षण काही मिनिटांपेक्षा जास्त टिकलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्त्रियांमध्ये, मधुमेह असणाऱ्यांमध्ये आणि वयस्करांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती धाप, विलक्षण थकवा, पोटाच्या वरच्या भागात कळ, एवढंच दिसतं, आणि घरचे ‘पित्त झालंय, पड जरा’ म्हणतात. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण बायका स्वतःही दुखणं अंगावर काढतात.

स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दार उघडून ठेवा आणि बसून राहा. रुग्णवाहिकेच्या किंवा दवाखान्याच्या माणसाने फोनवर सांगितलं, ॲलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खातात. पक्षाघाताची शंका असेल तर मात्र ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

वाट बंद झाल्यापासून हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. म्हणून मोठा झटका असेल तर रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टीने नळी उघडावी, असं उद्दिष्ट डॉक्टर ठेवतात. ती सोय जवळपास नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. फुग्याने हृदयाची नळी रुंद करण्याची ही पद्धत आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिल्यांदा जाग्या माणसावर वापरली. त्याआधीच्या पिढीतल्या रुग्णांना हा मार्गच उपलब्ध नव्हता. आपल्याला आहे, आणि तरीही आपण ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतो.

आणखी एक. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून उठून घरी जाण्याचा हट्ट धरू नका. झटक्याच्या सुरुवातीला ईसीजी चांगला येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण त्याला काही तास लागू शकतात. म्हणून ती चाचणी थोड्या वेळाने पुन्हा करतात. त्या खाटेवर पडून राहणं कंटाळवाणं असतं, छातीला चिकटवलेल्या पट्ट्या खाजतात, पडद्यापलीकडे कुणी कण्हत असतं. तरी थांबा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, पण दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. आता दवाखान्यात जाऊन काय दाखवायचं?

आजच, आत्ताच जा. दाखवायला काही उरलेलं नसलं तरी जा. याला लोक ‘छोटा झटका’ म्हणतात. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि गुठळी आपोआप सुटली. मोठ्या पक्षाघाताचा धोका यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि वेळेत औषध सुरू झालं तर तो बराच कमी करता येतो. चेहरा एका बाजूला ओघळणं, हात वर न राहणं, बोलणं अडखळणं यांतलं एकही लक्षण दिसलं की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘कधी सुरू झालं?’ हाच असतो. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर शेवटचं ठीकठाक कधी होतं ते सांगायचं.

सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. उगाच सगळ्यांना रात्री धावपळ करायला लावली का मी?

नाही. अजिबात नाही. हृदयाचा झटका आहे की नाही हे ठरवण्यासाठीच तो विभाग असतो आणि ‘नाही’ हे उत्तर मिळवायलाही तिथे जावंच लागतं. तीव्र घबराटीच्या झटक्यातही छाती आवळते, घाम फुटतो, आता आपण मरणार असं वाटतं. तो त्रास खोटा नसतो. त्यावर उपचार आहेत, तो लपवू नका.

मला काळजी वाटते ती पुढच्या वेळची. एकदा ‘काही नाही’ निघालं की माणूस ओशाळतो आणि दुसऱ्यांदा खरी कळ आली तर उठतच नाही. घरच्यांनी त्या रात्रीवरून थट्टा करू नये, एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

आणि ‘नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय नॉर्मल, हे विचारून घ्या. झटका नव्हता, एवढंच सांगितलंय की कोलेस्टेरॉल, शुगर, बीपीही पाहिलंय? डिस्चार्जच्या कागदावर बीपी १५०/९५ लिहिलेलं असतं आणि आनंदाच्या भरात ते कुणीच वाचत नाही, असं मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलंय.

घरी आलो, पण छातीत जरा टोचलं तरी जीव घाबरतो. रात्री नाडी मोजत बसतो. हे कधी थांबेल?

हळूहळू थांबतं. अँजिओग्राफी मनगटातून झाली की तिथे पारदर्शक प्लॅस्टिकचा पट्टा बांधतात, त्यात हवा भरलेली असते. सिस्टर दर काही वेळाने येऊन सिरिंजने थोडी थोडी हवा काढते, एकदम सगळी कधीच नाही. घाई केली तर रक्त येतं. मनाचंही काहीसं असंच असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणं, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर कमी-जास्त होणारं दुखणं, हे बऱ्याचदा स्नायूंचं असतं. पण पहिल्या वेळी झालं होतं अगदी तसंच पुन्हा झालं, किंवा चालताना दाब येऊन थांबल्यावर गेला, तर तर्क करत बसू नका.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे पाचांतल्या एकाला नैराश्य येतं. रडू येणं, चिडचिड, कशातच मन न लागणं, पहाटे जाग येणं, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. हे केवळ मनाच्या समाधानासाठी नाही. नैराश्य आलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालायला जात नाही, पुन्हा सिगारेट ओढतो, आणि त्याचं हृदय त्याची किंमत मोजतं.

जिथे कार्डिॲक रिहॅब म्हणजे देखरेखीखाली व्यायाम आणि मार्गदर्शनाची सोय आहे, तिथे नाव घालाच. त्याने मृत्यूचा आणि पुन्हा दाखल व्हावं लागण्याचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मला त्याचा सर्वांत मोठा फायदा वेगळाच वाटला. छातीला तारा लावून कुणी समोर बसलेलं असताना आपण दम लागेपर्यंत चालतो आणि काहीही होत नाही. नातेवाइकांच्या शंभर धिराच्या शब्दांनी जे साधत नाही, ते त्या वीस-पंचवीस मिनिटांत साधतं.

शरीरसंबंधांचं काय? विचारायला संकोच वाटतो.

संकोच वाटतो म्हणूनच इथे लिहितोय. तब्येत स्थिर असेल आणि दोन मजले न थांबता, छातीत न दुखता, फार धाप न लागता चढता येत असतील, तर साधारणपणे हरकत नसते. तरी डॉक्टरांना एकदा विचारा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या आणि लैंगिक ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या कधीही एकत्र घ्यायच्या नाहीत. बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं. पुरुषांत ताठरतेची अडचण काही वेळा हृदयविकाराच्या आधी दिसू लागते, कारण त्या रक्तवाहिन्या बारीक असतात. त्यामुळे ती अडचण नवीन असेल तर तीही सांगण्यासारखीच गोष्ट आहे.

आता सगळं बदलणार, असं ठरवलंय. पण हे टिकेल ना?

सगळं बदलायचं ठरवलंत तर टिकणार नाही. आणि नुसत्या भीतीच्या जोरावर ठरवलंत तर मुळीच नाही. पहिला आठवडा आपण जीव मुठीत धरून जगतो. डबा बदलतो, पहाटे उठतो, घरातल्या सगळ्यांना उपदेश करतो. मग कामं डोकं वर काढतात, एक पावसाळी सकाळ येते, एक लग्न येतं, आणि ये रे माझ्या मागल्या.

यात तुमचा दोष नाही. सतत मरणाच्या छायेत राहणं माणसाला जमत नाही, आणि जमूही नये. विसरणं ही देखील एक प्रकारची बरं होण्याची खूण आहे. म्हणून माझं सांगणं असं की घाबरलेले आहात तोवर इच्छाशक्तीवर अवलंबून नसलेल्या गोष्टी पक्क्या करा. पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा आत्ताच घेऊन ठेवा. गोळ्यांचा आठवड्याचा डबा आणा आणि तो तुम्ही रोज न चुकता जिथे जाता तिथे, म्हणजे दात घासायच्या ब्रशपाशी ठेवा. चालायला एकटे जाऊ नका, कुणाशी तरी वेळ ठरवा. आपल्यासाठी कुणी कोपऱ्यावर उभं आहे, हे माहीत असलं की पांघरूण टाकून उठावंच लागतं. डिस्चार्जचा कागद, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी एका फाइलमध्ये लावा आणि फोनमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तुमचा जुना ईसीजी समोर असला तर नव्यात काय बदललंय ते डॉक्टरांना लगेच दिसतं. माझ्या मते हा जुना ईसीजी मोबाइलमधला सगळ्यात मोलाचा फोटो आहे.

बदलायच्या गोष्टींपैकी आधी एकच घ्या. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तीच. नसेल तर बीपी आणि गोळ्यांची वेळ. मग चालणं. मग बाकीचं.

आता बरं वाटतंय. गोळ्या कधी बंद करायच्या?

बरं वाटतंय ते बहुतेक त्या गोळ्यांमुळे. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. झटक्यानंतर त्यातली दुसरी सहसा वर्षभर चालते, कुणाला कमी, कुणाला जास्त. त्या मधेच स्वतःहून थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती अतिशय घातक असते. दात काढायचा असो की कुठली शस्त्रक्रिया, ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ हे आधी सांगायचं आणि ती थांबवायची की नाही ते हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडतात, हेही फार चालतं. रिपोर्ट चांगला आला तो गोळीने. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ मिलिग्रॅमने खाली आलं तर झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटनांचा धोका सुमारे एकपंचमांशाने घटतो. गोळीने स्नायू दुखत असतील तर तसं सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

घरी बीपी मोजतो, पण दर वेळी आकडा वेगळा. यंत्र बिघडलंय का?

बहुधा मोजण्याची रीत बिघडलेली असते. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी नाही, पायावर पाय नाही. दंड उघडा, पट्टा दंडाच्या मापाचा आणि हृदयाच्या पातळीवर, हात टेबलावर टेकलेला. मोजताना बोलायचं नाही. पट्टा लहान असेल किंवा हात लोंबता असेल, तर आकडा खोटाच वाढतो.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून, असं आठवडाभर लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एका वाढलेल्या आकड्याने घाबरायचं नाही आणि एका चांगल्या आकड्याने खूशही व्हायचं नाही.

‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतलं की निश्चिंत?

नाही. जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षितता, हे गणित चुकीचं आहे. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये तिथे थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं होतं, पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीकशा गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं त्या सापडल्या, आणि असंख्य लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या.

चाळिशीनंतर ज्यांचा उपयोग सिद्ध झालाय त्या तपासण्या मोजक्या आणि साध्या आहेत. बीपी. उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी: ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. कोलेस्टेरॉल. कमरेचा घेर. स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची तपासणी आणि मॅमोग्राफी. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, जी अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२१ पासून ४५ व्या वर्षी सुरू करायला सांगितलीय. कोणती तपासणी कधी, हे देशागणिक आणि घरच्या इतिहासाप्रमाणे बदलतं. गर्भाशयमुखाच्या आणि आतड्याच्या तपासणीचं मोठेपण असं की त्यात कॅन्सर होण्याआधीची अवस्था सापडते आणि ती काढून टाकता येते. मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलावलं तर हातपाय गाळू नका. पुन्हा बोलावलेल्या बहुतेक स्त्रियांना कॅन्सर नसतो.

आणि हो, तपासणीच्या रांगेत नसलेलं एखादं लक्षण असेल, म्हणजे शौचावाटे रक्त, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, नवी गाठ, न भरणारी तोंडातली जखम, कारण नसताना घटलेलं वजन, तर पुढच्या चेकअपची वाट पाहायची नाही.

या वयात व्यायाम सुरू करून काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो मॅरेथॉन न धावताही होतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसमध्ये दोघं: चालक दिवसभर बसलेला, वाहक तिकिटं देत पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापंही तपासली, तेव्हा चालकांच्या कमरा मोठ्या निघाल्या. व्यायामशाळेत कुणीच जात नव्हतं. फरक कामातल्या हालचालीचा होता.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा एक मोठा अमेरिकन अभ्यास २००२ मध्ये आला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात सुमारे सात टक्के घट हे उद्दिष्ट ठेवलेल्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. हे होण्यासारखं आहे.

झटका किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

तीस वर्षं सिगारेट ओढली. आता सोडून काय होणार?

आयुष्य मिळणार. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ मध्ये सुरू झालेला रिचर्ड डॉल यांचा अभ्यास ५० वर्षं चालला. त्यात दिसलं की साठीला सोडणाऱ्यांना साधारण तीन वर्षं, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांना नऊ वर्षं परत मिळतात. एकट्याने जमत नसेल तर निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या, समुपदेशन घ्या. दोनदा-तीनदा सुटून पुन्हा लागणं नेहमीचं आहे, त्यावरून हरलो असं समजू नका.

माझा मित्र रोज धावायचा, त्यालाही झटका आला. मग हे सगळं कशाला?

हा प्रश्न फार दुखावलेल्या मनातून येतो, म्हणून नीट उत्तर देतो. सगळं नीट करूनही आजार येतो. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही, आणि जो आजारी पडला त्याने काहीतरी चुकीचं केलंच असणार, असं म्हणणं क्रूर आहे. पण २००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांचा जो अभ्यास आला, त्यात पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा नऊ गोष्टींशी जोडलेला दिसला: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाचं प्रमाण. यांतल्या बहुतेकांवर काही ना काही करता येतं. धावणाऱ्या मित्राच्या हृदयाची ताकद बरी असेल, तर त्याची सावरण्याची शक्यताही जास्त असते.

घरचे सतत पाळत ठेवतात. जिना चढू देत नाहीत.

त्यांनाही धक्का बसलाय, फक्त त्यांना कुणी तपासलेलं नाही. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि काय करायला परवानगी आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. पाळत ठेवण्याऐवजी त्यांना खरं उपयोगाचं काम द्या: छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर आधी मदत बोलवायची आणि छातीच्या मधोमध किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहायचं.

मुलांना आणि भावंडांना हे सांगावं का? उगाच घाबरतील.

सांगावं, आणि नेमकं सांगावं. ‘हृदयाचं काहीतरी झालं’ एवढ्यावर थांबू नका. काय झालं आणि कितव्या वर्षी झालं, दोन्ही सांगा. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर घरातल्या इतरांचा धोका वाढलेला धरतात. तुमचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शक्यता डॉक्टरांना विचारा. तसं निघालं तर प्रत्येक अपत्यात ते येण्याची शक्यता निम्मी असते आणि मुलांची तपासणी लहानपणीच करतात. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीतही तुमचं निदान झालेलं वय महत्त्वाचं, कारण त्यावरून भावंडांची तपासणी किती लवकर सुरू करायची ते ठरतं. हे सगळं एका कागदावर लिहा, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक भावंडाला फोन करून विचारा की त्याने बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं होतं.